शाळेच्या फाटकावर ताप मोजून काय साधतं?

शाळा सुरू होऊन पावसाने जोर धरला, की माझ्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉक्टर, रिपोर्ट आणल्याशिवाय शाळेत बसू देणार नाहीत." मुलाच्या तळहातांवर, तळपायांवर बारीक फोड, तोंडात दोन-चार व्रण. हा हँड-फूट-माउथ आजार. गेल्या पावसाळ्यात एका नर्सरीने तर वर्गातल्या सगळ्याच मुलांचं रक्त तपासून आणा, असं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. माझ्याकडे आलेल्यांपैकी एकाही मुलाचं रक्त मी काढलं नाही.

का, ते सांगतो. हा आजार कॉक्सॅकी आणि त्याच गटातल्या विषाणूंमुळे होतो आणि तो डॉक्टर फोड बघूनच ओळखतात. नेहमीच्या रक्ततपासणीत तो कळत नाही. शौचाच्या नमुन्यात विषाणू सापडू शकतो, पण तिथे वेगळीच पंचाईत आहे. मूल बरं होऊन उड्या मारू लागलं, तरी त्याच्या शौचातून विषाणू कित्येक आठवडे पडत राहतो. 'निगेटिव्ह रिपोर्ट'साठी अडून बसलात, तर ठणठणीत मुलाला उगाच महिनाभर घरी ठेवावं लागेल. खरा संसर्ग पसरतो तो मुख्यतः आजाराच्या पहिल्या आठवड्यात.

शाळांमधली सरकारी आरोग्य तपासणी तुम्हाला माहीत असेल. ती उपयोगाचीच आहे. हृदयातला दोष, कमजोर नजर, रक्ताची कमतरता या गोष्टी महिनोन्‌महिने तशाच असतात, त्या वर्षातून एकदा पाहिलं तरी सापडतात. सोमवारी ठीक असलेलं मूल बुधवारी तापाने फणफणतं, त्याला ही पद्धत लागू होत नाही.

मग फाटकावर कपाळाशी धरतात ते तापमापक? कांजिण्यांचं मूल अंगावर पुरळ यायच्या १-२ दिवस आधीपासून संसर्ग पसरवतं. गोवरात तर हा काळ पुरळाच्या ४ दिवस आधी सुरू होतो. त्यात सकाळी ७ वाजता पॅरासिटामॉल दिलेलं असलं, की ८ वाजता कपाळ गार लागतं आणि मधल्या सुट्टीच्या सुमाराला ताप पुन्हा चढतो.

असं औषध पाजून मुलाला पाठवणारी आई माझ्यासमोर बसते, तेव्हा मला तिचा राग येत नाही. "सर, रजा संपल्यात, आणि पाळणाघराचे पैसे तर न गेलं तरी कापतात," असं ती म्हणते. तिला उपदेश करण्यापेक्षा त्या पाळणाघराने आजारपणाच्या दिवसांचे पैसे सोडले, तर साथ लवकर आटोक्यात येईल. शाळांनीही ते 'शंभर टक्के हजेरी'चं बक्षीस बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तापातही येणाऱ्या मुलाचं कौतुक कसलं करता?

तुमच्या हातात जे आहे ते सकाळी, घरीच. दप्तर भरण्याआधी मुलाचे तळहात, तोंड आणि पोट उजेडात बघा. औषधाशिवाय २४ तास ताप नाही, मूल नीट खातंय, फोड सुकलेत, तर हँड-फूट-माउथनंतर शाळेत पाठवायला हरकत नाही. कांजिण्यांमध्ये मात्र सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबा. गोवरात पुरळ आल्यापासून ४ दिवस घरीच. आणि हो, हँड-फूट-माउथच्या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि पाणीच हवं, विशेषतः लंगोट बदलल्यावर आणि शी धुतल्यावर. पाळणाघरात मुलाला सोडताना ताईंचा हात धुवायचा नळ आणि साबण कुठे आहे, तेवढं बघून या.

हँड-फूट-माउथ बहुतेक मुलांमध्ये ७ ते १० दिवसांत आपोआप बरा होतो. पण तोंडातल्या व्रणांमुळे मूल पाणीही पीत नसेल, ६-८ तास लघवी झाली नसेल, खूप सुस्त वाटत असेल, झोपेत वारंवार दचकत असेल, किंवा उलट्या थांबत नसतील, तर सकाळपर्यंत वाट पाहू नका. रात्रीच दवाखान्यात न्या.