पिशवीतली पावती

चाँदरातीला भिवंडीच्या तीन बत्तीवर पाय ठेवायला जागा नसते आणि भाव दुकानदार सांगेल तोच. म्हणून ईदचे कपडे आम्ही शाबानमध्येच घेऊन ठेवतो. आधी दोन-चार दुकानांत भाव विचारायचा, मग ओळखीच्या दुकानदाराला म्हणायचे, "पलीकडे इतक्याला मिळतो, तुम्ही द्याल का?" बहुधा तो देतो.

एका वर्षी धाकटीच्या फ्रॉकची शिलाई घरी आणताच उसवली. पावतीवर छापले होते, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आम्ही गप्प बसलो. वास्तविक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल पावतीवरील मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. शरीयतने तर ऐब लपवून विकणे केव्हाच मना केले आहे. पस्तावलेल्या गिऱ्हाइकाचा सौदा खुशीने परत घेणे, म्हणजे इकाला, हे सवाबचे काम मानले आहे. वर्गात हे सांगताना न अडखळणारी आमची जीभ दुकानात का अडखळली?

मात्र हातगाडीवाल्याशी आम्ही घासाघीस करीत नाही. मीटरवर मजुरी मिळवणाऱ्या लूम कामगारांच्या शेजारी राहतो आम्ही. कमी केलेले दहा रुपये कुणाच्या ताटातून जातात, ते दिसते.

वाचलेल्या पैशांतून शेजारच्या मुलीसाठी एक जोड घेतो. किंमत कळू नये म्हणून पूर्वी पावती काढून ठेवत असू. आता पिशवीतच राहू देतो. माप चुकले, तर तिलाही हक्काने बदलता यावे.