भाड्याचा गाळा कीं स्वतःचें घर?

इंटरनेटवर दुकानें उभारून देणें हा आमचा व्यवसाय. ‘कोणतें साधन घ्यावें?’ असें गिऱ्हाईक विचारतें, तेव्हां आम्ही उलट विचारतों : गाळा भाड्यानें हवा कीं घर बांधावयाचें आहे?

शॉपिफाय हा भाड्याचा गाळा. टोबियस लूट्के यांनीं २००४ सालीं कॅनडांत स्नोबोर्ड विकावयास काढले. मनाजोगें साधन मिळेना, म्हणून तें स्वतःच रचिलें आणि २००६ सालीं इतर दुकानदारांसही खुलें केलें. तेथें दरमहा भाडें भरावें; डागडुजी मालक पाहतो. उलट, २०११ सालीं निघालेलें वूकॉमर्स वर्डप्रेसच्या पायावर उभें राहतें. तें फुकट मिळतें. परंतु छपराची काळजी आपणांसच वाहावी लागते.

ती काळजी कसली, हें आम्हीं एका लोणच्या-मसाल्यांच्या घरगुती दुकानांत पाहिलें. ऐन दिवाळींत एका जोडणीची नवी आवृत्ती बसविली आणि पैसे भरण्याचें पानच बंद पडलें. वर्षाची निम्मी कमाई त्या आठवड्यावर अवलंबून! लिनस टॉरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं रचिलेल्या गिटमध्यें प्रत्येक फेरफाराची नोंद होती. म्हणून जुनी आवृत्ती अर्ध्या तासांत परत बसली. मात्र गिट प्रोग्राम सांभाळतें, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी नव्हे. त्यांची नक्कल रोज निराळी ठेवावी लागते.

सारांश, घरांत नित्य लक्ष घालणारें माणूस असेल, तर खुशाल घर बांधावें. नसेल, तर भाडें देण्यांत कमीपणा मुळींच नाहीं.