परदेशातील शहर निवडताना : प्रश्न संध्याकाळचा

व्यापारासाठी घर सोडणे आपल्या समाजाला नवे नाही. पूर्वी पेढीचा माणूस परगावी जाई, तेव्हा उतरायला पेढीचीच खोली असे, जेवायला पेढीचाच स्वयंपाकी असे आणि आसपास गावाकडची दोन-चार घरे असत. कोठे राहावे हे त्याला ठरवावे लागत नसे. ते आधीच ठरलेले असे. आज चित्र पालटले आहे. रत्नपारख शिकायला, एखाद्या कंपनीत नोकरीला किंवा घरच्याच व्यवसायाची शाखा सांभाळायला चार-पाच वर्षांसाठी परदेशी निघालेला अविवाहित मुलगा किंवा मुलगी पुष्कळदा दोन-तीन शहरांमधून एक निवडू शकते. घरात मग चर्चा होते ती पगाराची, व्हिसाची आणि शेवटी वडीलधाऱ्यांच्या एका प्रश्नाची : ‘तेथे आपले मंदिर आहे ना?’

प्रश्न योग्यच आहे. पण तो अपुरा आहे. एकट्याच्या राहण्यात मंदिर बहुधा आठवड्यातून एकदा येते; ताट रोज दोनदा लागते आणि संध्याकाळ तर रोजच होते. आपल्या घरांत रात्रीभोजनत्यागाचा नियम पुष्कळांचा असतो. परंतु तो पाळला जातो तो आईच्या, पत्नीच्या किंवा वहिनीच्या हातांनी. पाच वाजले की कोणीतरी कुकर चढवते, म्हणून दुकानातून आलेल्याला सूर्यास्तापूर्वी गरम ताट मिळते. एकटा राहणारा माणूस हा आधार मागे ठेवून जातो. म्हणून शहराची पारख त्याच्या प्रसिद्ध स्थळांवरून करण्याऐवजी तेथील डिसेंबरातल्या संध्याकाळीवरून करावी, असे सुचवावेसे वाटते. आपल्या समाजाची वस्ती जेथे व्यापारातून उभी राहिली, अशी तीन शहरे उदाहरणादाखल पाहू : बेल्जियममधील अँटवर्प, जपानमधील कोबे आणि थायलंडची राजधानी बँकॉक.

सूर्य कधी मावळतो?

पुण्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेरीस सव्वासातच्या आसपास. वर्षभरात फरक सव्वा तासाच्या आत-बाहेरचा. बँकॉक विषुववृत्ताला पुण्याहूनही जवळ असल्याने तेथे हा फरक आणखी कमी पडतो : हिवाळ्यात पावणेसहा-सहा, उन्हाळ्यात पावणेसात. घरची सवय फारशी न मोडता तेथे चौविहार सांभाळता येतो.

अँटवर्प उत्तरेला ५१ अक्षांशावर आहे. जूनमध्ये तेथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. कामावरून येऊन सावकाश स्वयंपाक करून जेवले तरी सूर्य मावळलेला नसतो. नवे पाहुणे याच दिवसांत जातात आणि ‘काहीच अडचण नाही’ असे घरी कळवतात. डिसेंबरात मात्र सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांच्या आतच मावळतो. म्हणजे नवकारशी येते साडेनऊला आणि संध्याकाळचे जेवण येते कचेरीच्या भर कामात.

कोबेचे गणित अनेकांना चकवते. अक्षांशाने ते अँटवर्पहून कितीतरी दक्षिणेला असले तरी डिसेंबरात तेथेही सूर्य पाचला काही मिनिटे असतानाच मावळतो. जूनमध्येसुद्धा सव्वासातच्या पुढे जात नाही. जपानचे प्रमाण घड्याळ १३५ पूर्व रेखांशावर बांधलेले आहे आणि ती रेषा कोबेच्या शेजारच्या आकाशी शहरातूनच जाते. त्यामुळे तेथे घड्याळ आणि सूर्य जवळजवळ बरोबर चालतात. पुण्यात मात्र घड्याळ सूर्याच्या अर्धा तास पुढे धावते, म्हणून आपल्याला संध्याकाळ लांबल्यासारखी वाटते. युरोपाप्रमाणे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धतही जपानात नाही.

तात्पर्य असे, की अँटवर्प काय किंवा कोबे काय, हिवाळ्याचे तीन महिने संध्याकाळचे जेवण कामाच्या वेळेतच बसवावे लागते. त्याला मार्ग दोन : दुसरा डबा सोबत नेणे, किंवा पंधरा मिनिटांत पायी घरी जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर खोली घेणे. म्हणून एकट्याच्या बाबतीत शहर निवडणे म्हणजे खरे तर मोहल्ला निवडणेच होय.

अँटवर्प : स्टेशन आणि विलरेक

अँटवर्पचा हिरेबाजार १९०५ मध्ये खुल्या झालेल्या भव्य मध्यवर्ती रेल्वे स्थानकाच्या अगदी लगत आहे. होव्हेनियर्सस्ट्राट आणि भोवतालच्या मोजक्या गल्ल्या म्हणजे हा सारा बाजार. येथे पिढ्यान्‌पिढ्या ज्यू व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. १९६० च्या दशकापासून पालनपूरकडील जैन कुटुंबे येऊ लागली आणि लहान हिऱ्यांचा व्यापार त्यांनी नावारूपाला आणला. सौदा पक्का झाला की दोघे हात मिळवतात आणि ‘मझल’ हा ज्यूंचा शुभशब्द उच्चारतात; आपले व्यापारीही तोच उच्चारतात. तोंडच्या शब्दावर व्यवहार करण्याची रीत दोन्ही समाजांना घरचीच.

संगमरवरी जिनालय मात्र या बाजारात नाही. ते शहराच्या दक्षिणेला विलरेक या उपनगरात आहे आणि अनेक सुस्थित कुटुंबेही त्याच बाजूला प्रशस्त घरांत राहतात. ज्याच्या घरी गाडी आहे, मुले आहेत, त्याला ही रचना सोयीची आहे. एकट्याने मंदिराजवळ राहण्याच्या हौसेने तिकडे खोली घेतली, तर हिवाळ्यात सकाळी अंधारात निघणे आणि अंधारातच परतणे नशिबी येते. त्याने खोली स्टेशनजवळ घ्यावी, संध्याकाळचे ताट घरी वाढून घ्यावे आणि रविवारी ट्रामने किंवा बसने मंदिरात जावे.

बाजारात भाज्या, डाळी, दूध भरपूर मिळते. पण दोन गोष्टी माहीत असाव्यात. बटाट्याच्या प्रसिद्ध काड्या पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. अनेक प्रकारचे चीज वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने बनते. वेष्टनावरील मजकूर वाचल्याशिवाय ते घेऊ नये. कागदपत्रांचे काम शिस्तीचे आहे : नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि आपण तेथे खरोखर राहतो की नाही हे पाहायला मोहल्ल्याचा पोलीस घरी येतो. तो दारात दिसला म्हणून घाबरून जाऊ नये.

कोबे : डोंगर आणि समुद्र

कोबेचे बंदर १८६८ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबेला आले. पुढे मोत्यांच्या व्यापाराने आपली कुटुंबेही येथे स्थिरावली. रोक्को डोंगराकडून येणारा मऊ प्रकाश मोत्यांची प्रतवारी करायला उत्तम, असे येथील जाणकार सांगतात.

हे शहर डोंगर आणि समुद्र यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत वसले आहे, त्यामुळे पत्ता विचारला तर लोक ‘डोंगराच्या बाजूला’ किंवा ‘समुद्राच्या बाजूला’ असे सांगतात. सान्नोमिया स्थानकातून चढण चढत गेले की पंधरा-वीस मिनिटांत कितानो हा जुना परदेशी मोहल्ला लागतो. तेथेच १९८५ मध्ये उभारलेले भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी जिनालय आहे. १९३५ ची मशीद, ज्यूंचे प्रार्थनास्थळ, ख्रिस्ती चर्च हे सारे याच भागात, एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर. एकट्या माणसाला काम, खोली आणि मंदिर असा हा त्रिकोण पायी फिरता यावा, हे भाग्य फार थोड्या शहरांत लाभते.

अडचण ताटाची आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ हे सार असते आणि ते बहुधा वाळवलेल्या माशापासून करतात. भाजीत, सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात ते असते आणि डोळ्यांना दिसत नाही. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. दाशीबद्दल वेगळे विचारावे लागते. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्योरी’ या आहारात मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो. परंतु मुळा आणि कमळकाकडी आवर्जून असतात, तेव्हा कंदमूळ न खाणाऱ्याने तेथेही चौकशी करावी. थोडक्यात, कोबेत स्वयंपाक येणे ही चैन नाही, पात्रता आहे.

दुसरी अडचण खोलीची. जपानात भाडेकरूसाठी हमीदार लागतो. अनेक ठिकाणी घरमालकाला परत न मिळणारी ‘भेट रक्कम’ही द्यावी लागते. हमी घेणाऱ्या कंपन्या आहेत, तरी जुन्या स्थायिक कुटुंबाने टाकलेला शब्द येथे मोलाचा ठरतो.

बँकॉक : जवळचे आणि म्हणूनच अवघड

बँकॉकमधील माणकांचा आणि नीलमण्यांचा व्यापार सिलोम, सुरावोंग या रस्त्यांच्या परिसरात एकवटला आहे. सिलोम भागात जैन मंदिर आहे, जुने मारिअम्मन मंदिर आहे. पाहुरातच्या कापडबाजारात डाळींपासून मसाल्यांपर्यंत सारे मिळते. थाई जेवणात माशाचे खारे पाणी सर्रास वापरतात; पण तेथे एक शब्द मोठ्या कामाचा आहे : ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत तो लिहिलेला असला, की तेथील अन्नात मांस-मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूण यांपैकी काही नसते. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातील नऊ दिवस, बहुधा आपल्या नवरात्राच्या सुमारास, हे झेंडे रस्तोरस्ती दिसतात. कंदमुळे मात्र ‘जे’मध्ये वर्ज्य नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

इतकी सोय असताना अवघड काय? सोय हेच. मुंबईचे विमान चार-साडेचार तासांचे, घड्याळ भारताच्या केवळ दीड तास पुढे, शेजारी हिंदी-गुजराती बोलणारे. मनुष्य चार वर्षे राहतो आणि थाई भाषेची चार वाक्येही शिकत नाही. दीर्घ मुदतीच्या परवान्यावर राहणाऱ्या परदेशी नागरिकाला दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारी कचेरीला कळवावा लागतो. मनानेही तो तसाच पाहुणा राहतो.

रात्री हाक कोणाला मारायची?

संध्याकाळचा दुसरा प्रश्न ताटाइतकाच महत्त्वाचा आहे. एकट्या माणसाला रात्री ताप आला, तर दार ठोठावायला कोण येईल? रुग्णवाहिकेचे क्रमांक पाठ असावेत : बेल्जियममध्ये ११२, जपानात ११९, थायलंडमध्ये १६६९. पण क्रमांक पाणी गरम करून देत नाही. कोबेने १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंप सोसला. त्यात ६,४०० हून अधिक माणसे गेली. अशा वेळी अमुक खोलीत अमुक मुलगा राहतो, हे शेजाऱ्याला ठाऊक असणे हाच पहिला आधार. त्यासाठी शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलता आले पाहिजेत. आपल्या समाजातील चार घरे हवीतच; परंतु ती बहुधा शेजारच्या दारात नसतात.

या चार घरांविषयीही एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. लहान वस्तीत प्रेमाने जेवायला बोलावतात आणि प्रेमानेच लग्नाचा विषय काढतात. एकदा ऐकून घेता येते. दर रविवारी तेच ऐकावे लागले, की मूल मंदिरात जाणेच टाळू लागते, आणि ज्या मंदिरामुळे शहर निवडले तेच परके होते. मुलींच्या बाबतीत हे अधिक घडते. यजमान कुटुंबांनी एवढा संयम पाळला, तर अनेक मुले समाजाशी जोडलेली राहतील.

मग निवड कोणती करावी? प्रथमच घर सोडणाऱ्याला, ज्याला स्वयंपाक अजून शिकायचा आहे, त्याला बँकॉक सुसह्य. मात्र पहिल्याच महिन्यात भाषेचा वर्ग लावावा. हिऱ्यांच्या व्यवसायात पाय रोवायचे आहेत त्याला अँटवर्पवाचून पर्याय नाही. त्याने हिवाळ्याची तयारी ठेवावी. आणि ज्याला स्वतःच्या हातचे जेवण गोड लागते, ज्याला एकांताचे भय वाटत नाही, त्याला तिन्हींत कोबे अधिक मानवेल, असे माझे मत आहे.

करार करण्यापूर्वी शक्य असेल तर त्या शहरात दहा-पंधरा दिवस राहून पाहावे, आणि ते जूनमध्ये नव्हे, डिसेंबरात. मूल गेल्यानंतर आई-वडिलांनीही फोनची वेळ त्याच्या घड्याळाने ठरवावी. आपल्याकडे रात्री साडेनऊ वाजतात, तेव्हा हिवाळ्यातील अँटवर्पमध्ये पाच वाजलेले असतात, बँकॉकमध्ये अकरा आणि कोबेत रात्रीचा एक. फोनवर ‘मंदिरात जातोस ना?’ हे जरूर विचारावे. त्याआधी ‘आज संध्याकाळी कोठे जेवलास, कोणाबरोबर जेवलास?’ हे विचारावे. या उत्तरावरून शहर त्याला मानवले की नाही हे लवकर कळते.