ओढणीखालचा बाक

माझी धाकटी बहीण अंबाजोगाईत घरीच शिलाईकाम करते. दोन वर्षं तिची एकच तक्रार होती. लेकीचा कुर्ता कितीही मापात शिवला तरी त्याचा घेर एका बाजूनं वर जातो. "आपा, माझी कात्री बिघडली की डोळे?" असं ती हसत विचारायची. कुर्ता उसवायची, परत शिवायची.

रमजानमध्ये मी तिच्याकडे गेले होते. तरावीह घरीच पढत होतो. माझी नमाज आधी संपली. समोर भाची रुकूत वाकली आणि ओढणीखाली तिच्या पाठीची उजवी बाजू उंचवट्यासारखी वर आलेली मला दिसली. डावी बाजू सपाट. कात्री ठीक होती, डोळेही ठीक होते.

पुढे कळलं की डॉक्टरसुद्धा कण्याचा बाक असाच तपासतात. मुलीला पुढे वाकायला लावायचं आणि मागून पाठ बघायची, एवढंच. पण आमच्या घरात तिची पाठ कुणी बघितलीच नव्हती. मुलगी वयात आली, ओढणी आली, आणि पाठ नजरेआड झाली. वर्षभरापूर्वी तिला एका डॉक्टरांकडे नेलं होतं. "जड दप्तरामुळे होतं, ताठ बसत जा," असं सांगून त्यांनी कॅल्शियम लिहून दिलं होतं. या वयात येणारा हा बाक, म्हणजे स्कोलिओसिस, दप्तरानं होत नाही आणि ताठ बसून जात नाही. बहुतेक मुलींमध्ये त्याचं नेमकं कारण सापडतच नाही.

पुण्यात उभं राहून पूर्ण कण्याचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी त्यावर रेघा मारून कोन मोजला. ५४ अंश. "ऑपरेशनचा विचार करावा लागेल," ते म्हणाले. बहिणीनं माझा हात घट्ट धरला.

ऑपरेशन म्हटलं की बीड जिल्ह्यातला माणूस आधी संशयानं बघतो, आणि त्याला कारण आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्या, हे २०१९ साली साऱ्या देशानं वाचलं. अशा जिल्ह्यातली आई पोरीची पाठ चिरायला सहज कशी तयार होईल? आम्ही फाइल उचलली आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधीचा कागद न बघता कोन मोजला. दोन-तीन अंशांचा फरक आला, म्हणणं तेच.

त्या दोन भेटींत मी एक शिकले. घाबरण्यापेक्षा आकडा विचारावा. बाक किती अंशांचा आणि मुलीची वाढ किती उरली, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. वाढ चालू असताना बाक साधारण २५ ते ४० अंशांचा असेल, तर प्लास्टिकचा कडक पट्टा, म्हणजे ब्रेस, दिवसातले बरेच तास घालावा लागतो. त्यानं बाक सरळ होत नाही, पण वाढायचा थांबू शकतो. ४५-५० च्या पुढे गेला की ऑपरेशनची गोष्ट येते, कारण ५० च्या वरचा बाक वय वाढल्यावरही हळूहळू वाढत राहण्याची शक्यता मोठी असते. भाचीची वाढ जवळपास संपली होती. ब्रेसची वेळ निघून गेली होती. कॅल्शियमच्या त्या एका वर्षाचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

मणके न जोडता लवचीक दोरीनं बाक आवरायचं नवं ऑपरेशनही आहे. अमेरिकेत त्याला २०१९ साली मान्यता मिळाली. पण ते वाढ उरलेल्या मुलांसाठी, आणि त्यात पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याची शक्यता जास्त. आमच्यासाठी उरलं ते जुनं, खात्रीचं. पाठीमागून मणक्यांमध्ये स्क्रू बसवायचे, दोन सळयांनी कणा शक्य तितका सरळ धरायचा आणि हाडाचे तुकडे लावून तेवढे मणके एकमेकांत जुळू द्यायचे. अशा सळया पाठीत बसवायची सुरुवात ह्यूस्टनच्या डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओच्या मुलांसाठी केली.

पोलिओवरून मला मुंबईच्या फातिमा इस्माईल आठवल्या. लेकीला पोलिओ झाला तेव्हा नशिबाला दोष देत त्या बसल्या नाहीत. १९४७ मध्ये त्यांनी अशा मुलांसाठी दवाखानाच उघडला. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी हे बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "आपा, मला दवाखाना नको उघडायला. मला फक्त सही करायची हिंमत दे."

घरात मात्र चर्चा भलतीच. फुफीचा पहिला प्रश्न होता, "लोखंड घातलेल्या पोरीशी निकाह कोण करेल?" दुसरा, "मूल होईल का?" चौदा वर्षांची भाची सगळं ऐकत होती. पुढच्या भेटीत तिनं डॉक्टरांना स्वतःच विचारलं, "मला सजदा करता येईल का? आणि पाय जातील का?"

डॉक्टर आमच्याकडे न बघता तिच्याशी बोलले. जोडलेला भाग वाकणार नाही, पण कमरेच्या सांध्यातून वाकता येईल. जखम भरेपर्यंत खुर्चीवर बसून नमाज पढ. पायांना इजा होण्याचा धोका शंभरात एकापेक्षा कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून ऑपरेशन चालू असताना नसांचे संदेश मशीनवर बघत राहतात. गरोदरपणाला सहसा अडचण येत नाही. पाठ अगदी सरळ होईल असं मात्र सांगत नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "खाला, करूया." तेव्हा कुठे बहिणीनं सही केली.

पाच तास लागले. दुसऱ्या दिवशी नर्सनं तिला उभं केलं. ती रडली, आईला रागावली, मग चार पावलं चालली. आता बाक वीस अंशांच्या आसपास आहे. शाळा सुरू झाली, सजदाही होतो. फुफी म्हणते, पाठीवरचा व्रण कुणाला दाखवू नको. भाची मैत्रिणींना दाखवून मोकळी झाली आहे.

ईदचा कुर्ता शिवताना बहिणीनं दोन्ही बाजूंची मापं वेगळी घेतली. अजून बोटभर फरक आहे. यावेळी तिनं तो धरूनच कापड कापलं.

तुमच्या घरात दहा-चौदा वर्षांची मुलगी असेल तर आज तिला एकदा पुढे वाकायला सांगा. ओढणी बाजूला करून पाठ बघा. यासाठी अर्धा मिनिटही लागत नाही.