रेघेवरचा बाहुला

वाईहून पुण्याला तुम्ही एसटीनं गेला असाल, तर खंबाटकी तुम्हांला ठाऊक असेलच. आम्ही गेलो तेव्हा पुण्याला जाताना बोगदा लागला आणि परतताना घाट. "बाई, रात्री रस्ता मोकळा असला, तर बोगद्यातूनच परत आलं तर?" एकानं विचारलं. "अजिबात नाही! नियम म्हणजे नियम!" बाकीचे पाचजण ओरडले. संध्याकाळी हेच पाचजण नियमावरून भांडणार आहेत, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं!

आम्ही निघालो होतो 'फर्स्ट लेगो लीग' या यंत्रमानवांच्या स्पर्धेला. ही २०२३-२४ च्या हंगामातली गोष्ट. लेगोच्या ठोकळ्यांचा रोबो मुलांनीच बांधायचा आणि त्यानं काय करायचं, ते संगणकावर आधीच ठरवून द्यायचं. मग टेबलावर अडीच मिनिटांत त्यानं नेमून दिलेली कामं करायची. रिमोट चालत नाही, बरं का!

स्पर्धेचं सभागृह म्हणजे नुसती जत्रा! टेबलांवर रंगीत पट, त्यांवर कलेच्या विषयावरच्या लहान लहान प्रतिकृती. कुठं टाळ्या, तर कुठं "अरेरे!"

आमच्या रोबोवर एका मुलीनं कागदाची पताका लावली होती. तपासणी करणाऱ्या पंचताई म्हणाल्या, "ही काढावी लागेल. रोबोला लेगोचेच भाग हवेत."

"पण पताकेनं रोबो जोरात पळत नाही," मुलगी म्हणाली. "बाहेरचं सामान लावून कुणी फायदा घेऊ नये, म्हणून तो नियम असेल. आमचा काय फायदा?"

खरं सांगू? मलाही तेच वाटलं. पण आमचाच एक पोरगा पुटपुटला, "आज पताका, उद्या कुणीतरी पताकेच्या काडीनंच वस्तू ढकलेल." पताका निघाली. डबडबल्या डोळ्यांनी तिनं ती माझ्या हातात दिली.

खेळ सुरू झाला. एक काम असं होतं, की लेगोचे बाहुले, म्हणजे प्रेक्षक, ठरलेल्या जागी पूर्णपणे आत न्यायचे. आमचा शेवटचा बाहुला थांबला नेमका रेघेपाशी! आत की रेघेवर? पंचताई एका बाजूनं वाकल्या, मग दुसऱ्या बाजूनं वाकल्या. शेवटी म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही. शंकेचा फायदा तुम्हांला."

या स्पर्धेच्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे. निकाल अगदी काठावर असेल आणि ठाम सांगता येत नसेल, तर कौल मुलांच्या बाजूनं द्यायचा.

परतताना घाटात वादाला तोंड फुटलं. "हा कुठला न्याय? पताकेला कडक आणि बाहुल्याला मऊ?"

"आपल्याला गुण मिळाले ना? मग गप्प बस!"

"पण दुसऱ्या संघाचा बाहुला असता, तर तू गप्प बसला असतास?"

एसटीत शांतता पसरली. मग पताकावालीच हळूच म्हणाली, "पताकेबद्दल स्पष्ट लिहिलं होतं, आपणच नीट वाचलं नाही. बाहुल्याचं मात्र डोळ्यांना दिसतच नव्हतं. आणि तसा बाहुला कुणाचाही असता, तरी ताईंनी हेच सांगितलं असतं."

मला शिकवायला काही उरलंच नाही! जिथं नियम स्पष्ट आहे, तिथं तो सगळ्यांना सारखा, आपल्याला रडू आलं तरी. आणि जिथं खरीच शंका आहे, तिथं ती सवलतही सगळ्यांना सारखी. फक्त शंका खरी हवी, सोयीची नको.

आम्हांला बक्षीस मिळालं नाही. पण दुसऱ्या दिवशी लंगडीत पाय रेघेवर पडल्याची बोंब उठली, तेव्हा खेळणारा पोरगा स्वतःच म्हणाला, "पडला होता. मी बाद."

पताका आता वर्गाच्या खिडकीत फडफडते. तिथं तिला कुठलाच नियम आडवा येत नाही!