द्वितीयेची ओहोटी

निसर्गसहलीची तयारी झाली का, असं विचारलं की शाळेत दोन कागद दाखवले जातात : पालकांच्या सह्यांची संमतिपत्रं आणि तिथे दिसणाऱ्या प्राण्यांच्या नावांची यादी. मी मुंबईत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते आणि ओहोटीच्या वेळी वर्गाला हाजी अली किंवा गिरगावच्या खडकांवर नेण्याचं काम माझ्याकडे असतं. ते करताना माझं मत असं बनत गेलं की संमतिपत्राला पर्याय नाही, पण यादी उशिरा आली तरी बिघडत नाही. मुलांना आधी कळायला हवं ते अगदी साधं असतं. जायचं कसं, डबा कधी खायचा, शौचालय कुठे आहे, पायात काय घालायचं आणि पाणी परत कधी चढणार. शहरातल्या पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला असतो तो कठड्यावरून, भेळ खाता खाता. शेवाळलेल्या खडकावर पाय रोवून उभं राहायची वेळ आली की त्यांचं सगळं लक्ष पायांकडे जातं, आणि ते साहजिकच आहे. अशा वेळी मी समुद्रफुलाबद्दल कितीही बोलले तरी ते वाऱ्यावरच जाणार.

याला अभ्यासाचाही आधार आहे. जॉन फाल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेत दाखवून दिलं की ज्या मुलांना झाडीची सवय नव्हती, त्यांची शक्ती नव्या जागेशी जुळवून घेण्यातच खर्च झाली आणि नेमून दिलेला अभ्यास मागे पडला. पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मुलांची वेगवेगळ्या प्रकारे तयारी करून पाहण्यात आली. प्राण्यांची माहिती घेऊन आलेल्या मुलांपेक्षा, आपण कसे जाणार, काय पाहणार, काय विकत घेता येईल हे सांगितलेली मुलं अधिक शिकली. इस्रायलमध्ये भूशास्त्राच्या सहलींचा अभ्यास करणारे ओरियन आणि हॉफस्टाइन यांनी १९९४ मध्ये हा नवखेपणा तीन बाजूंनी मांडला : विषयाचा, जागेचा आणि मनाचा. आपल्याकडे तयारी म्हणजे पहिली बाजू, तीही बहुधा घोकंपट्टीने. उरलेल्या दोन्ही बाजू शिपाईमामा आणि बसचालक यांच्यावर सोडलेल्या असतात.

किनाऱ्याच्या बाबतीत जागा ओळखणं म्हणजे आधी वेळ ओळखणं. कोकण किनाऱ्यावर तिथीवरून भरती काढण्याचा जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. शाळेच्या वेळेत ती चपखल बसते, पण अष्टमीचं पाणी भांगाचं. ते फारसं मागे हटत नाही आणि खालचे खडक उघडे पडतच नाहीत. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला उधाण असतं, भरती दीडच्या आसपास, आणि चांगली खोल ओहोटी सकाळी सात-साडेसातला. त्या वेळी शाळेत प्रार्थना चाललेली असते! मुलांकडून भिंतीवरच्या कॅलेंडरवरून हा हिशेब करून घ्यायचा, मग छापील भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहायचा. दोन्हींत थोडा फरक पडतो. तो का पडतो, हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात, आणि पुढचा तास त्यावर चालतो. अभ्यासक्रमातून वेळ कुठून काढायचा, असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना माझं उत्तर हेच. अपूर्णांकांचा गुणाकार आणि भूगोलातली भरती-ओहोटी या हिशेबात येतातच, जास्तीचा तास मागावा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळंच आधी सांगितलं तर नवल उरणार काय? पण रस्ता सांगितला म्हणून दगडाखाली काय आहे ते कळत नाही. मी वाट, वेळ आणि धोके सांगते, प्राणी सांगत नाही. याला एकच अपवाद करते. शंकूच्या आकाराच्या शंखात राहणारी गोगलगाय विषारी नांगी मारू शकते, म्हणून तिचं चित्र वर्गात दाखवते आणि कुठलाच शंख उचलायचा नाही असा नियम घालते. कालवांच्या धारदार कडांनी पाय कापतात, तेव्हा बंद बूट हवेतच. दगड उलटायचा असेल तर तो मी उलटणार, आणि जसा होता तसाच परत ठेवणार. कारण त्याच्या खालच्या ओल्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात टिकत नाहीत. ही कृती शाळेच्या अंगणात कुंडीखालच्या गांडुळांवर आधी करून पाहता येते. कुंडी उचला, मनात दहा आकडे मोजा, ठेवा. घाबरणारी मुलं कोण आणि धसमुसळी कोण, हे मला तिथेच समजतं, आणि त्याप्रमाणे जोड्या लावता येतात.

सुरक्षिततेचा मुद्दा काढून सहलच टाळणारे असतात. त्यांची काळजी खोटी नाही. समुद्राकडे पाठ करायची नाही, ओहोटीचा तळ गाठला की परतीला लागायचं, हे मुलांना पाठ असलं पाहिजे. मुलींच्या शौचालयाचं तर आधी स्वतः जाऊन पाहावं. सकाळी सहाला ते उघडं असतं का, हे नकाशा सांगत नाही. नाहीतर मुली पाणीच पीत नाहीत, आणि पुढचा तासभर त्यांचं मन कशात असणार?

राहिला खर्च. एकाच मोठ्या सहलीचे पैसे असतील तर मी लांबच्या अभयारण्याऐवजी जवळच्या किनाऱ्याच्या दोन फेऱ्या मागते. पालकांच्या सभेत ‘तिथे तर जाऊन आलो’ हे ऐकावं लागतं. म्हणून पहिली फेरी मुद्दाम अष्टमीच्या दुपारी ठेवते, भांगाच्या पाण्यात, जेव्हा पाहायला कमी आणि पाय बसवायला जास्त असतं. दुसरी द्वितीयेच्या सकाळी. मुख्याध्यापकांकडून सव्वासहाच्या बसची परवानगी मिळवणं हे अजूनही सगळ्यात अवघड काम आहे. त्या अर्जाला मी मुलांनी केलेला तिथीचा हिशेब जोडते.