आमचा म्हटलेला संघ

ज्या वस्तूवर आपला कवडीचाही हक्क नाही तिच्याविषयी मनुष्य किती कळकळीने भांडू शकतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने फुटबॉलच्या चाहत्यांच्या बैठकीत एक संध्याकाळ घालवावी. स्वतःच्या घराचे गळके छप्पर दुरुस्त करण्याचे काम जो गृहस्थ तीन पावसाळे लांबणीवर टाकतो, तोच तेथे संघाचा डावा बचावपटू आजच्या आज बदलला पाहिजे म्हणून मूठ आपटीत असतो. पैसा त्याचा नसतो, निर्णय त्याचा नसतो, आणि ज्या खेळाडूस तो घेतो किंवा काढतो त्या खेळाडूस ह्याचे नावही ठाऊक नसते. तरीही तो बोलताना 'आपण' असेच म्हणतो. 'आपण त्याला सोडावयास नको होते', 'आपल्याकडे मध्यभागी माणूस नाही', अशी त्याची भाषा असते. हा 'आपण' म्हणण्याचा अधिकार त्यास कोणी दिला, ह्या प्रश्नाचा विचार करण्यास पुण्याच्या एका संघाने आम्हांस कारण दिले आहे. तो विचार वाचकांपुढे मांडण्याचा मानस आहे.

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या आठ संघांत 'एफसी पुणे सिटी' हा एक होता. आम्ही राहतो मांजरीस, म्हणजे शहराच्या पूर्वेकडील टोकास. त्या काळी मांजरी बुद्रुक हे ग्रामपंचायतीचे गाव होते. महानगरपालिकेत ते २०२१ साली गेले. संघाचे मैदान बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात, पश्चिमेकडील टोकास. म्हणजे पुण्याचे नाव धारण करणारा संघ पाहावयाचा तर आम्हांस सगळे पुणे ओलांडून जावे लागे, आणि रात्री तेच पुणे पुन्हा उलट ओलांडावे लागे. तथापि आमची चारपाच जणांची मंडळी जाई. ज्या दिवशी सामना नसे त्या दिवशी ती रेल्वे फाटकाजवळच्या चहाच्या दुकानी बसे. फाटक एकदा पडले की वाहनांची रांग हलत नसे, आणि तेवढ्या अवधीत आमच्या बैठकीत निदान दोन खेळाडू विकले जात व एक नवा घेतला जाई.

मंडळीत एक निवृत्त शिक्षक होते, त्यांस सर्वजण मास्तर म्हणत. एक बँकेतील गृहस्थ होते. एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. त्यास जगातील नामांकित खेळाडूंची वये पाढ्यांप्रमाणे पाठ होती. आणि एक द्राक्षबागाईतदार होते, ज्यांस आम्ही नाना म्हणतो.

विद्यार्थ्याचा पक्ष नावांचा होता. पहिल्या हंगामात संघाने फ्रान्सच्या दाविद त्रेझगेस आणले. १९९८ साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघातील हा खेळाडू. २००० सालच्या युरोपीय अजिंक्यपदाचा निकालही त्याच्याच गोलाने लागला होता. असा मनुष्य पुण्याच्या संघातर्फे मैदानात उतरतो, ह्यापरते भाग्य ते कोणते, असे तो म्हणे. पुढील वर्षी रुमानियाचा आद्रियान मुतू आला. २०१६ साली आइसलंडचा गुड्योन्सेन यावयाचा होता. तो हंगामापूर्वीच जायबंदी झाला आणि त्याच्या जागी मालीचा सिसोको आला. प्रशिक्षकही दर वर्षी नवा: प्रथम इटलीचे कोलोंबा, मग इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट, मग स्पेनचे हाबास. नावे मोठी होती ह्यात संशय नाही. परंतु आठ संघांत आमचा क्रमांक अनुक्रमे सहावा, सातवा आणि पुन्हा सहावा लागला.

मास्तरांचे म्हणणे निराळे होते. त्यांच्या मते संघ म्हणजे अकरा नावांची यादी नव्हे, तर अकरा जागांचा हिशेब. पहिल्या तीन हंगामांत मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू उतरविण्याची मुभा होती, म्हणजे निदान पाच भारतीय असावेच लागत. २०१७ पासून परदेशी पाच झाले, आणि २०२१ पासून चार. बहुतेक संघ आपले परदेशी खेळाडू संघाच्या कण्यात घालीत. म्हणजे बचावाच्या मध्यभागी, मैदानाच्या मध्यभागी आणि आघाडीस. भारतीय खेळाडूंच्या वाट्यास दोन्ही बाजू येत. "साहेब लोक कोठे खेळणार हे मला सांगू नका," मास्तर म्हणत, "आपली पाच पोरे कोठे उभी राहणार ते सांगा. भिंत मधून कितीही पक्की असली तरी चोर कडेच्या खिडकीतूनच येतो." बँकेतील गृहस्थ त्यास दुजोरा देत, पण कारण आपल्या धंद्यातले देत. एका शालूच्या किमतीत घरातील चौघांची वर्षभराची लुगडीधोतरे होत असतील, तर सुज्ञ गृहिणीने काय करावे, असा त्यांचा प्रश्न असे.

नाना बहुधा शेवटी बोलत. स्पर्धा सुरू होण्याचे दिवस आणि बागेच्या गोडी छाटणीचे दिवस पुष्कळदा एकच येत, त्यामुळे ते बैठकीस उशिरा येत आणि बोटांस चिकाचा वास घेऊन येत. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून मांजरीसच आहे. तेव्हा खुंट आणि कलम ह्या गोष्टी आमच्याकडे पोरासोरांसही नव्याने सांगाव्या लागत नाहीत. आमच्या खारवट जमिनीत आणि अपुऱ्या पाण्यात उत्तम जातीचा द्राक्षवेल स्वतःच्या मुळांवर टिकाव धरीत नाही. म्हणून प्रथम डॉगरिजसारखा रांगडा खुंट लावावयाचा, तो जमिनीत रुजू द्यावयाचा, आणि मग त्यावर थॉमसनसारख्या गोड जातीची काडी भरावयाची. नाना म्हणत, "काडी कोठूनही आणा, माझी ना नाही. पण दर वर्षी काडीही नवी आणि खुंटही नवा, तर घड लागायचा केव्हा?" विद्यार्थी त्यावर हसे, मास्तर मात्र गप्प राहून चहाचा दुसरा पेला मागवीत.

२०१७-१८ चा हंगाम नानांच्या बाजूने साक्ष देण्यासाठीच आला की काय, असे वाटावे. त्या वर्षी सर्बियाचे पोपोविच प्रशिक्षक होते. दिल्लीच्या संघातून ब्राझीलचा मार्सेलिनो आला आणि ईशान्येच्या संघातून उरुग्वेचा आल्फारो. दोघेही जगाच्या दृष्टीने मोठे नव्हते. पण भारतातील मैदाने आणि भारतातील ऊन त्यांच्या ओळखीचे झाले होते. चाहत्यांनी दोघांची नावे सांधून 'मार्सेल्फारो' असे एकच नाव केले. परंतु आमच्या मते समतोल त्यांच्यामुळे आला नाही. तो त्यांच्या मागे आणि बाजूस होता. गोलात विशाल कैथ होता, बचावात सार्थक गोलुई, मध्यभागी गोव्याचा आदिल खान, आणि डाव्या कडेस आशिक कुरुनियान. हा आशिक केरळातील मुलगा, पण लहान वयातच पुण्याच्या अकादमीत येऊन येथे वाढलेला. आदिल सोडला तर बाकीचे नुकते विशीत आलेले. संघास १८ सामन्यांत ३० गुण मिळाले आणि तो प्रथमच उपांत्य फेरीस पोहोचला. ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीस बंगळूरूशी बरोबरी झाली, गोल कोणाचाच नाही. ११ मार्चला बंगळूरूस सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि आम्ही ३-१ असे हरलो. त्या रात्री बैठकीत कोणासही काढण्याची भाषा झाली नाही. ही पोरे आणखी दोन वर्षे एकत्र ठेवा, एवढाच ठराव झाला, आणि तो एकमताने झाला.

ठरावास अर्थात किंमत काहीच नव्हती. पुढील हंगामी नवे स्पॅनिश प्रशिक्षक आले आणि तीन सामन्यांनंतर गेले. मग काही काळ हंगामी कारभार झाला, आणि शेवटी इंग्लंडचे फिल ब्राउन आले. जानेवारी २०१९ मध्ये आल्फारोस कोलकात्याच्या संघाकडे उसना दिला. ह्या उसनवारीवर आमच्यात जेवढी कडाक्याची चकमक झाली तेवढी पूर्वी कधी झाली नव्हती. बँकेतील गृहस्थ म्हणाले, "उसने दिलेले परत येते." नाना म्हणाले, "माणूस येईल हो, हंगाम कोठला यायला?" दहा संघांत आमचा सातवा क्रमांक आला.

नंतरच्या उन्हाळ्यात मंडळींनी नव्या संघाच्या याद्या केल्या. मास्तरांनी तर वहीत रकाने आखले होते: कोणास ठेवावे, कोणास सोडावे, कोणती जागा मोकळी. परंतु ऑगस्ट २०१९ पर्यंत स्पष्ट झाले की संघच राहत नाही. स्पर्धेतील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. ब्राउन, मार्सेलिनो आणि आदिल खान हैदराबादेस गेले. कैथ चेन्नईस गेला, गोलुई मुंबईस, आशिक बंगळूरूस. ज्यास आम्ही समतोल म्हणत होतो तो चार शहरांत वाटला गेला.

पुण्यास हे नवे नव्हते. २००७ साली स्थापन झालेला पुणे फुटबॉल क्लब २०१२-१३ च्या राष्ट्रीय लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ साली बंद झाला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम खेळून २०१७ साली त्या लीगमधून बाहेर पडला. बारा वर्षांत तीन संघ आले आणि गेले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काही व्यवहारी लोक म्हणतात, चाहता हा गिऱ्हाईक आहे. एक दुकान बंद झाले तर त्याने दुसऱ्यात जावे. हे म्हणणे आम्हांस पटत नाही. गिऱ्हाईक मालाविषयी तक्रार करते. दुकानात कोणता नोकर ठेवावा ह्यासाठी ते रात्र जागवीत नाही. संघ मालकाचा असतो हे कागदोपत्री खरे. पण मालक बदलतात, प्रशिक्षक बदलतात, खेळाडू तर बदलण्यासाठीच असतात. तीन वर्षांपूर्वी कोणता बचावपटू कोणत्या चुकीने गेला, आणि ती चूक आता पुन्हा होऊ घातली आहे, हे सांगणारा एकच मनुष्य मागे उरतो, आणि तो चहाच्या दुकानी बसलेला असतो. खेळाडूंच्या देवघेवीवरील वाद हा वरकरणी वेळेचा अपव्यय दिसतो. वस्तुतः तो संघाची आठवण जतन करण्याचा एक प्रकार आहे. जेथे ही आठवण आहे तेथे 'आपण' हा शब्द फुकाचा नाही.

कोल्हापुराकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. तेथे संघ तालमींचे आहेत: पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा. खेळाडू एका तालमीतून दुसरीत जातात, बाहेरगावचे आणि परदेशचेही आणले जातात, आणि त्यावरून पेठापेठांत जी भांडणे लागतात त्यांच्यापुढे आमची बैठक म्हणजे भजनी मंडळ. त्या जिव्हाळ्यास हाणामारीचे गालबोटही लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एक भय तेथे कोणास नाही: उद्या सकाळी उठावे आणि आपली तालीम दुसऱ्या शहरी गेलेली असावी, हे भय. खेळाडू पेठेचा नसेल. तालीम पेठेचीच आहे. विलायतेत विम्बल्डन ह्या जुन्या क्लबास मिल्टन कीन्स ह्या दूरच्या गावी जाण्याची परवानगी २००२ साली मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी आपला स्वतःचा क्लब उभारला. नवव्या पायरीवरून चढत चढत तो २०११ साली तेथील मुख्य लीगमध्ये आला. जर्मनीत तर क्लबाच्या सभासदांकडे मतांचे आधिक्य असावे असा साधारण नियमच आहे. सर्वांस हे साधेल असे नाही. पण हक्काचा प्रश्न इतर देशांत हसण्यावारी नेलेला नाही, एवढे ध्यानात यावे.

हैदराबादची हकीकत सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही. पहिल्या हंगामात तो संघ सर्वांच्या शेवटी राहिला. पुढे मानोलो मार्केझ हे प्रशिक्षक आले. त्यांस दुसरे वर्ष मिळाले, आणि २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळास हरवून हैदराबादने विजेतेपद मिळविले. बरोबरीनंतर झालेल्या पेनल्टींत गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन अडविल्या. त्या विजयी चमूत पुण्याहून गेलेले आशिष राय आणि निखिल पुजारी होते. पुण्यात शिकून मोठा झालेला कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. आमच्या विद्यार्थ्याने, जो आता नोकरीनिमित्त परगावी असतो, त्या रात्री संदेश पाठविला: "आपली पोरे जिंकली." मास्तरांनी त्यावर उत्तर दिले, "आपली होती." नाना काहीच बोलले नाहीत.

आज मांजरीची मुले मँचेस्टर आणि माद्रिदच्या खेळाडूंची देवघेव करतात, आणि आमच्यापेक्षा कितीतरी अधिक माहितीने करतात. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या संघाचा खेळाडू त्यांच्या रस्त्याने कधी जाणार नाही, ज्याचे मैदान दोन तासांच्या अंतरावर नाही, त्याच्याविषयी भांडताना त्यांस पणास लावावयाचे काहीच नसते. हरलेल्या सामन्याहून रात्री शहर ओलांडीत परतावे लागत नाही.

पुण्यात पुन्हा एखादा संघ उभा राहिला तर त्याच्याकडे आमचे मागणे थोडके आहे. मोठ्या नावांचा आग्रह नाही. एक प्रशिक्षक तीन वर्षे ठेवावा, ह्या जिल्ह्यातील दोन मुले तरी चमूत असावीत, आणि हलावयाचे झालेच तर येथील माणसांस विचारल्याखेरीज हलता येणार नाही, असे एक कलम त्याच्या कागदांत असावे. मग 'आपण' म्हणणारी माणसे त्यास आयती मिळतील. ती पुण्यात पुष्कळ आहेत, आणि फाटकापलीकडे मांजरीसही चारपाच आहेत.